मानेखालचे भिकनभाऊ

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारात, रसिकभाई शेठच्या पेढीवर, भिकनभाऊ बोरसे एकतीस वर्षं साडी नेसून उभे राहिले. आता यात दात काढण्यासारखं काही नाही. त्या बाजारातला तो रीतसर धंदा आहे. जौनपूरचा, पाटण्याचा, गुवाहाटीचा घाऊक व्यापारी गठ्ठ्यांनी माल घ्यायला येतो, तेव्हा नुसती घडी बघून त्याचं समाधान होत नाही. निऱ्या कशा पडतात, पदर खांद्यावर टिकतो की घसरतो, हे त्याला डोळ्यांनी बघायचं असतं. पेढीवर बाई नसते. मग पेढीतलाच एखादा गडी उठतो, शर्ट-पँटवरून साडी गुंडाळतो आणि पांढऱ्या गादीवर उभा राहतो.

भिकनभाऊ हे काम चाळीस सेकंदांत करत. जौनपूरच्या माणसापुढे सीधा पल्ला, पदर पुढे; गुवाहाटीच्या माणसापुढे उलटा, पदर मागे. कोणाला काय हवं ते न विचारता त्यांना कळायचं. एकदा साडी अंगावर बसली की डावा गुडघा किंचित वाकवून, पदराला हाताचा आधार देऊन ते असे काही उभे राहत, की व्यापारी बोलता बोलता थांबे. आणि या सगळ्या सौंदर्याच्या वर, मान-हनुवटीच्या पलीकडे, झुपकेदार मिशीचा, चष्मा लावलेला, पारोळा तालुक्यातला एक गृहस्थ असे. पण मानेच्या वर कोणी बघायचं नाही, हा बाजाराचा न लिहिलेला कायदाच होता. जौनपूरचे चौबेजी एकवीस वर्षं त्यांच्याकडून साड्या बघत आले होते आणि एकदा रेल्वे स्टेशनवर भिकनभाऊंनी त्यांना नमस्कार केला, तर चौबेजींनी त्यांना हमाल समजून बॅग दिली होती.

लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणीच त्याबद्दल बोलत नव्हतं. "भाऊ पेढीवर असतात," एवढंच लोक म्हणत. बायको मालतीबाई घरी बसून साड्यांना लेस शिवायच्या, म्हणजे धंद्यातल्याच. पण एकतीस वर्षांत त्या कधी पेढीची पायरी चढल्या नव्हत्या आणि भिकनभाऊंनीही कधी बोलावलं नव्हतं. मात्र एक गोष्ट खरी होती. त्या गादीवर उभं राहिलं की आपण कोणीतरी आहोत असं भिकनभाऊंना वाटे. बाकी चोवीस तासांत ते कुठेच वाटत नसे.

मग रसिकभाईंच्या जावयाने त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला. वेबसाइट करायची. साधी फोटोवाली नाही, थ्रीडी. व्यापाऱ्याने जौनपूरला बसून मोबाइलवर बोट फिरवलं की साडी नेसलेली बाई गोल फिरली पाहिजे, चालली पाहिजे, पदर हलला पाहिजे. काही डाउनलोड करायला नको, दुवा उघडला की बाई हजर. वेसूच्या एका कंपनीला काम दिलं आणि तिथून हर्षदा महाजन नावाची मुलगी लॅपटॉप, कॅमेरे आणि ट्रायपॉड घेऊन पेढीवर आली. धुळ्याच्या माणसांची, सुरतेत वाढलेली. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत उतरायची आणि तिथेच काही वेळ राहायची.

मुंबईहून मॉडेल मागवली होती. ती दिसायला चित्रासारखी होती, पण साडी नेसायला तिला पंचवीस मिनिटं आणि दोन बाया लागत, आणि नेसून झाली की ती हसायची. हसली की पोट हले, पोट हललं की निरी सुटे. दुपारपर्यंत तीन साड्या झाल्या. रसिकभाईंनी डोक्याला हात लावला.

"भिकन," ते म्हणाले, "तू ऊभो रहे."

भिकनभाऊंना काळ्या घट्ट कपड्यांत एका फिरत्या चकतीवर उभं केलं. अंगभर पांढरे ठिपके चिकटवले. "काका, अजिबात हलायचं नाही हं," हर्षदा म्हणाली.

"एकतीस वरीस झालात, मी हालेल नही," भिकनभाऊ म्हणाले, आणि ते खरंही होतं. मग चालीसाठी हर्षदाने त्यांना चार फेऱ्या मारायला लावल्या, आणि त्यात त्यांचा हात मिशीकडे जात होता हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

हर्षदाने त्यांना समजावून सांगितलं ते असं. स्क्रीनवर जी बाई दिसेल ती वेगळी, चित्रातली. पण साडीला टेकायला आतून एक अंग लागतं. ते कोणालाच दिसणार नाही. बघणाऱ्याने बोट फिरवलं की त्याच क्षणी त्याच्या मोबाइलमध्ये गणित होणार, कापड त्या अंगावर कुठे अडतं, कुठून घसरतं, आणि तशी साडी पडणार. "म्हणजे बाई बाहेरून प्रिया," ती म्हणाली, "आतून तुम्ही." बाईचं नाव प्रिया ठेवलं होतं.

भिकनभाऊंना यात नवीन काहीच वाटलं नाही. उलट, आतून आपण असण्याचा त्यांना पुष्कळ अनुभव होता.

प्रिया एका सोमवारी सकाळी सुरू झाली. गोरी, उंच, कंबर तर अशी की दोन्ही हातांच्या मुठीत यावी. आणि साडी तिच्या पोटापासून चार बोटं लांब उभी होती. हवेत. कारण साडी बिचारी प्रामाणिकपणे भिकनभाऊंच्या पोटावर टेकली होती आणि ते पोट काही दिसत नव्हतं. शिवाय प्रिया चालायची ती पाय जरा फेंगडे टाकून. दर अर्ध्या मिनिटाने डावा हात उचलून ती नाकाखाली न्यायची आणि नसलेल्या मिशीला पीळ द्यायची.

"आ शुं छे?" रसिकभाई किंचाळले. "पेट काढ! मूछ काढ!"

हर्षदाने मंगळवारी पोट काढलं. आतल्या अंगाची कंबर तिने प्रियाएवढी केली आणि काय झालं ते कळायच्या आत पावणेतीनशे साड्या एकामागून एक सुटून जमिनीवर पडल्या. सगळ्या निऱ्या त्या पोटाच्या भरवशावर बांधलेल्या होत्या. प्रिया अकरा मिनिटं सगळ्या हिंदुस्थानासमोर नुसत्या करड्या रंगात उभी राहिली, मातीच्या पुतळ्यासारखी सपाट आणि गुळगुळीत, आणि शांतपणे मिशीला पीळ देत राहिली. तेवढ्यात चौबेजींचा फोन आला. रसिकभाईंनी घाम पुसत घेतला.

"भाई साहब, ये स्लेटी वाली बढ़िया है," चौबेजी म्हणाले. "एकदम सादी. चालीस डझन भेज दो."

हर्षदाने घाईघाईने भिकनभाऊ परत आत घातले. "काका," ती हताश होऊन म्हणाली, "सगळं तुमच्या पोटावर उभं आहे." भिकनभाऊंना इतकी मोठी शाबासकी आयुष्यात कोणी दिली नव्हती.

आणि मग बाजारात जे कायम होतं तेच झालं. ज्याला रसिकभाई चूक म्हणत होते त्याला व्यापाऱ्यांनी फॅशन म्हटलं. पोटाला न चिकटणारी, वारा खेळणारी साडी! पाटण्याहून 'वो हवा वाली' अशी मागणी यायला लागली. मिशीचा पीळ ही म्हणे प्रियाची अदा होती. गुवाहाटीच्या कॉलेजातल्या मुली ती करायला लागल्या होत्या. रसिकभाईंनी रागावणं बंद केलं आणि सगळी कल्पना आपलीच होती असं सांगायला सुरुवात केली.

आता कोणी विचारेल की ज्याच्या पोटावर हे सगळं चाललं होतं त्याचं काय झालं. त्याची गादी गेली. प्रिया असताना व्यापारी कशाला येतील आणि व्यापारी नाहीत तर गादीवर माणूस कशाला, असा शेठचा सरळ विचार होता. गादीच्या जागी मोठा स्क्रीन लावला आणि भिकनभाऊंना कडोदऱ्याच्या गोडाऊनला पाठवलं, पार्सलांवर पट्टी मारायला. "भिकन, तारा वगर तो पेढी चालेज नहीं," तुझ्यावाचून पेढी चालायचीच नाही, असं सांगून पाठवलं, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कडोदऱ्याला भिकनभाऊ वाळायला लागले. कोणाला वाटेल दुःखाने. दुःख होतंच, पण कारण त्याहून साधं होतं. पेढीवर आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्यासाठी लोचो यायचा, सेव-खमणी यायची, फाफडा यायचा, आणि पाहुणा एकटा कसा खाणार म्हणून भिकनभाऊंना साथ द्यावी लागायची. ते पोट एकतीस वर्षांच्या पाहुणचाराचं होतं. गोडाऊनमध्ये कोण कोणाला खमण विचारतंय? पाच महिन्यांत पोट गेलं. तिथेच एकदा गठ्ठा अंगावर येऊन चष्म्याची काडी वाकली, चष्मा नाकावर तिरका बसायला लागला. ते त्यांनी दुरुस्त केलं नाही. बघणारं कोणी नव्हतं.

तिकडे दुकानदारांच्या तक्रारी सुरू झाल्या. बाया साडी घरी नेत, नेसत, आणि साडी गुमान पोटाला चिकटे. प्रियासारखी उभीच राहीना. रसिकभाईंनी युक्ती काढली की साडीच्या आतून बांधायचा एक पट्टा विकायचा, म्हणजे साडी चार बोटं लांब राहील. हर्षदाने लॅपटॉपमधून पोटाची मापं काढून दिली आणि उधन्याच्या एका कारखान्यात फायबरचं पोट करून आणलं. माप केसाएवढंही चुकलं नव्हतं. पण ते पोट टणक होतं, श्वास घेत नव्हतं, आणि साडी त्यावरून कौलावरून पाणी उतरावं तशी खाली उतरायची.

"असली माल बोलाव," रसिकभाई म्हणाले. खऱ्या पोटावरून नमुना घ्यायचा आणि तक्रार करणाऱ्यांना साडी गादीवर प्रत्यक्ष दाखवायची, असा त्यांचा बेत होता. लग्नसराईला महिना राहिला होता.

भिकनभाऊ पेढीवर आले. रसिकभाईंनी त्यांना आपादमस्तक, म्हणजे मानेपासून पायापर्यंत पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"आ भिकन नथी," ते म्हणाले.

हर्षदाने टेप लावली. तिचा चेहरा पडला. "काका, तुम्ही साडेचार इंच कमी आहात."

"मी मीच शे ना पन," भिकनभाऊ म्हणाले.

पण कोण ऐकतो? स्क्रीनवरचे भिकनभाऊ पक्के होते, गादीपाशी उभे असलेले संशयास्पद. शेवटी रसिकभाईंनी निकाल दिला. पंधरा दिवस पगारी सुट्टी. या मुदतीत भिकनने परत भिकन व्हावं. पोट आलं तर गादी त्याची, लग्नसराईभर आणि पुढेही. नाही आलं तर कडोदरा आहेच.

मालतीबाईंनी कंबर कसली. सकाळी तुपात बुडवलेल्या बट्ट्या आणि वरण, दुपारी कळण्याची भाकरी आणि तेलाची तर्री आलेली शेवभाजी, संध्याकाळी खापरावरचे मांडे. भिकनभाऊ घास घास करत खात, आणि दर संध्याकाळी भिंतीला पाठ लावून उभे राहत. मालतीबाई ब्लाऊज मापायची टेप लावत. पहिल्या आठवड्यात गाल भरले. दुसऱ्यात दंड भरले. पोट काही येईना. जणू ते जाताना रुसून गेलं होतं आणि बट्ट्यांनी समजूत निघण्यातलं नव्हतं.

बाराव्या दिवशी भिकनभाऊंनी ताटावर हात आडवा धरला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माले गादीवर कोनी वळखत नही आते. जाऊ दे ती गादी." आणि हा झुपकेदार मिशीवाला माणूस बट्टी हातात धरून रडायला लागला. मालतीबाईंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट उचललं आणि लेस शिवायचं मशीन पुढे ओढलं.

घरात साड्यांच्या कातरणांची दोन पोती पडलेली असायची. मालतीबाईंनी मलमलची पिशवी शिवली आणि कातरणं भरायला सुरुवात केली. हर्षदाने मापांचा कागद दिला होता, तो त्यांनी पाटाखाली सारला. डोळे मिटून त्या हातानेच चाचपत होत्या. इतकी वर्षं ज्या पोटावर दळणाचे डबे टेकवले, ज्याच्यावर दोन मुलं निजवली, ते त्यांना लॅपटॉपकडून समजून घ्यायचं नव्हतं. डाव्या अंगाला जरा जास्त भरलं, कारण भिकनभाऊ डाव्या कुशीवर झोपत. बेंबीपाशी सैल सोडलं. संध्याकाळपर्यंत पोट तयार झालं.

पंधराव्या दिवशी मालतीबाई पोट कापडी थैलीत घालून स्वतः निघाल्या. "तू कसाले येस?" भिकनभाऊ दहादा म्हणाले. त्या ऐकायला तयार नव्हत्या.

पेढीवर त्या दिवशी चौबेजी प्रत्यक्ष आले होते. त्यांना ती स्लेटी, म्हणजे करडी, साडी अजून मिळाली नव्हती आणि ते नाराज होते. स्क्रीनसमोर पुन्हा गादी अंथरली होती. मालतीबाईंनी थैलीतून पोट काढून दिलं. भिकनभाऊ शर्ट वर करून ते बांधणार, इतक्यात रसिकभाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, दाबून बघितलं आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टरच्या पुतळ्याला बांधलं. दोघा माणसांनी पुतळ्याला साडी गुंडाळली, टाचण्या मारल्या आणि त्याला गादीवर आणून ठेवलं. साडी उभी राहिली. चार बोटं लांब, डावीकडे किंचित झुकून, थेट प्रिया. चौबेजींच्या तोंडून "वाह" निघालं.

"बस! काम थई गयुं!" रसिकभाईंनी टाळी वाजवली. "बेन, आवा पाचसो बनावी आपो. ने भिकन, तू कडोदरा जा, पार्सल अटक्यां छे."

भिकनभाऊ खरंच वळले. एकतीस वर्षांची सवय होती, शेठने सांगितलं की करायचं. त्यांनी पायात चपलाही घातल्या.

मालतीबाईंनी मात्र काढल्या. चपला पायरीशी ठेवून त्या पांढऱ्या गादीवर चढल्या, पुतळ्याच्या साडीत हात घातला, गाठ सोडली आणि पोट बाहेर ओढलं. टाचण्या टपटप उडाल्या. साडी पुतळ्याच्या पायाशी गोळा झाली.

"शेठ," त्या म्हणाल्या. हिंदी त्यांना फारशी येत नव्हती, पण त्या दिवशी पुरेशी आली. "ये पेट हमारे घर का है. अकेला नहीं रहेगा. आदमी के साथ रखो, नहीं तो मैं वापस लेके जाती."

"बेन, समझो, ए तो खाली सॅम्पल..."

"सॅम्पल मेरा आदमी है."

स्क्रीनवर प्रियाने तेवढ्यात मिशीला पीळ दिला. हर्षदा लॅपटॉपमागे तोंड लपवून हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. "शेठ," ती मान वर न करता म्हणाली, "दुसरीकडून करून नाही होणार. फायबरचं बघितलंच ना आपण."

रसिकभाईंनी मालतीबाईंच्या काखेतल्या पोटाकडे पाहिलं, चौबेजींकडे पाहिलं, मग लग्नसराईच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "भिकन," ते शेवटी म्हणाले, "चपला काढ."

भिकनभाऊंनी पोट बांधलं आणि साडी हातात घेतली. खोचा, वळसा, निऱ्या. हात आपोआप चालत होते. दुकानातली सगळी माणसं गादीभोवती सरकली. चौबेजींनी निऱ्यांकडे डोळे बारीक केले, रसिकभाई पोटाकडे बघत होते, हर्षदा एकदा स्क्रीनवरच्या कंबरेकडे आणि एकदा या कंबरेकडे. पदर खांद्यावर टाकून भिकनभाऊंनी डावा गुडघा वाकवला आणि नेहमीसारखी नजर समोर, कुठेच न बघणारी, लावायला गेले. ती लागेना. समोर मालतीबाई उभ्या होत्या. एवढ्या माणसांत त्या एकट्याच त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय व्हयनं?" भिकनभाऊंनी हळूच विचारलं.

"चष्मा तिरका शे तुमना," मालतीबाई म्हणाल्या, आणि गादीवर चढून, साडी चुरगळणार नाही अशी काळजी घेत, त्यांनी तो दोन्ही हातांनी सरळ केला.